बाल आनंद मेळावा

बाल आनंद मेळावा हा महाराष्ट्रातील प्राथमिक व माध्यमिक शाळांमध्ये भरवला जाणारा एक दिवसाचा बाजार आहे. यात विद्यार्थी स्वतः विक्रेते आणि ग्राहक होतात. घरून तयार करून आणलेले खाद्यपदार्थ, शेतातला भाजीपाला, रानमेवा, किरकोळ शालेय साहित्य आणि हस्तकलेच्या वस्तू ते खऱ्या पैशांत विकतात. विद्यार्थ्यांना चलनाची ओळख, देवघेव, मोजमाप, नफा-तोटा, बचत आणि ग्राहक म्हणून घ्यावयाची दक्षता यांचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, हा या उपक्रमाचा हेतू असतो. प्रदेशपरत्वे व शाळेपरत्वे त्याला आनंद बाजार, बालबाजार, आनंदनगरी, खाऊगल्ली अशीही नावे आहेत. स्काउट-गाइड पथकांच्या ‘खरी कमाई’ या कार्यक्रमाशीही त्याची सांगड घातली जाते.

या लेखात उपक्रमाचे सर्वसाधारण स्वरूप आणि त्यामागील शैक्षणिक विचार दिला असून उदाहरणांसाठी मुख्यतः जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुका व खानदेशाचा परिसर घेतला आहे.

स्वरूप

मेळावा बहुधा दिवाळीची सुटी संपल्यानंतर, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात होतो. बालदिन (१४ नोव्हेंबर), सावित्रीबाई फुले जयंती (३ जानेवारी) किंवा वार्षिक स्नेहसंमेलन ही त्याची नेहमीची निमित्ते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पटांगणावर सतरंज्या वा बाके मांडून दुकाने लावली जातात. एका दुकानावर दोन ते चार विद्यार्थी असतात. गावचे सरपंच किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष उद्घाटन करतात व बहुतेक वेळा पहिली खरेदीही तेच करतात. दोन-तीन तासांत माल संपतो.

खानदेशातील मेळाव्यांत भेळ, पोहे, मुरमुऱ्यांचा चिवडा, भजी, पाणीपुरी, गुलगुले हे पदार्थ सर्रास दिसतात. हंगामात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरीही असते. भाजीच्या बाजूला मेथी, कोथिंबीर, गिलके, गंगाफळ, वांगी, हिरव्या मिरच्या असतात. बोरे, चिंचा आणि केळी यांना लहान वर्गांतील ग्राहक अधिक. तयार पाकिटे आणून विकण्यास काही शाळा मनाई करतात. ती मनाई योग्यच म्हटली पाहिजे, कारण पाकिटावर छापलेल्या किमतीमुळे भाव ठरवण्याचे कामच उरत नाही आणि उपक्रमातील निम्मे शिक्षण निघून जाते.

पार्श्वभूमी

व्यवहारोपयोगी हिशेब शिकवणे ही महाराष्ट्रात नवी कल्पना नाही. इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळांत मोडी लेखनाबरोबर उजळणी पाठ करून घेतली जाई. तीत बे-एके-बे या पाढ्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सोळा आण्यांचा रुपया, शेर आणि पावशेर अशा चौथाईवर चालणाऱ्या मापांच्या बाजारात हे पाढे दुकानदाराला व गिऱ्हाइकाला सारखेच उपयोगी पडत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू झाली, त्यानंतर मेट्रिक वजनमापे आली आणि अपूर्णांकांचे पाढे अभ्यासक्रमातून मागे पडले. बोलीत मात्र ते टिकून आहेत. भाजीबाजारात आजही सव्वाशे, दीडशे, अडीचशे असाच भाव सांगितला जातो.

हिशेब येणे हा शेतकऱ्याच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, ही जाणीव एकोणिसाव्या शतकात स्पष्टपणे पुढे आली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरला. या ‘दख्खनच्या दंग्यां’त शेतकऱ्यांचा रोख कर्जरोखे व हिशेबाची कागदपत्रे हस्तगत करून जाळण्यावर होता. स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदाने आपली जमीन जाते, हा अनुभव त्यामागे होता. १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पुढे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली. आजच्या परिभाषेत ज्याला आर्थिक साक्षरता म्हणतात, तिची ही महाराष्ट्रातील एक आरंभीची आणि नेमकी मांडणी मानता येते.

विसाव्या शतकात या विचाराला दोन वेगळ्या दिशा मिळाल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा व शिका’ हे तत्त्व रुजले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींच्या नई तालीम योजनेचा पाया घातला गेला आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हस्तोद्योगातून शिक्षण व त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च, ही कल्पना तिच्या केंद्रस्थानी होती. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ (जि. पुणे) येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात विद्यार्थी गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरवून त्यांचा मोबदला घेतात आणि खर्चाचा हिशेब मांडतात. या प्रयोगांत उत्पादनाला वर्षभर महत्त्व आहे. एका दिवसाचा आनंद मेळावा हे त्यांच्या तुलनेत फारच सौम्य रूप आहे. परंतु तो कोणत्याही साध्या शाळेला, वेगळ्या निधीशिवाय करता येतो आणि म्हणूनच सर्वदूर पसरला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यांत स्थानिक कारागीर व व्यावसायिकांकडून शिकण्याची अपेक्षा आहे. अनुभवातून शिकण्यावरील या भरामुळे मेळाव्यासारख्या उपक्रमांना अभ्यासक्रमात अधिक आधार मिळाला.

जामनेर परिसरातील संदर्भ

जामनेर हे कांग नदीकाठचे तालुक्याचे गाव. पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर, नेरी ही तालुक्यातील इतर मोठी गावे. कापूस हे येथील प्रमुख नगदी पीक असून मका, सोयाबीन, केळी व भाजीपाला हीही पिके घेतली जातात. जिल्ह्याच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गावोगावचे आठवडे बाजार, जामनेरची कृषी उत्पन्न बाजार समिती आणि कापसाची गावपातळीवरील खरेदी यांतून येथील मूल लहानपणापासूनच खरेदी-विक्री पाहत असते. सुटीच्या दिवशी आईवडिलांबरोबर भाजीच्या दुकानावर बसणारी, वाटे लावणारी, सुटे पैसे मोजणारी मुले येथील वर्गांत असतात.

अशा मुलांना मेळाव्यातून नवे काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. शहरातील मुलाला मेळावा बाजार दाखवतो. जामनेरसारख्या भागातील मुलाला बाजार आधीच ठाऊक असतो. त्याला मेळाव्याने द्यावयाची गोष्ट आहे ती लेखी हिशेबाची. बाजार समितीतून शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या हिशेबपट्टीवर मालाचे वजन, दर, हमाली, तोलाई, दिलेली उचल आणि निव्वळ रक्कम असे रकाने असतात. सातवी-आठवीतील विद्यार्थ्याला ती पट्टी वाचून बेरीज-वजाबाकी पडताळता आली, तर घरातील व्यवहारात त्याचा थेट उपयोग होतो. केळीच्या बाबतीत तर भाव क्विंटलचा, घरातील खरेदी डझनाची आणि घडाचा हिशेब फण्यांचा, अशी तीन मापे एकाच फळाला लागतात. त्यांची एकमेकांत अदलाबदल करणे हे पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा कठीण गणित आहे.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. या पट्ट्यात घरी तावडी बोली बोलली जाते, तर खानदेशाच्या मोठ्या भागात अहिराणी. मूल भाव करते ते बोलीत आणि गणित सोडवते ते प्रमाण मराठीत. ‘खरेदी किंमत’ हा शब्द अडतो, ‘केवढ्याला घेतलं?’ हा प्रश्न अडत नाही. मेळाव्यानंतरच्या चर्चेत शिक्षकाने आधी बोलीतला प्रश्न विचारून मग पाठ्यपुस्तकातील संज्ञा दिली, तर ती संज्ञा टिकते.

हिशेबाची पद्धत

मेळाव्याचे मूल्य मुख्यतः दुसऱ्या दिवशी वर्गात होणाऱ्या हिशेबावर अवलंबून असते. पुढील उदाहरण त्यासाठी घेतले आहे. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

दोन विद्यार्थिनींनी पोह्यांचे दुकान लावले. पोहे ६० रुपये, तेल ४० रुपये, शेंगदाणे ३० रुपये, कांदा-मिरची-लिंबू-कोथिंबीर ३० रुपये आणि कागदी प्लेटा व चमचे ४० रुपये, असा २०० रुपयांचा माल लागला. गॅसचा खर्च २० रुपये धरला. ३२ लहान प्लेटा झाल्या, भाव प्लेटीला १० रुपये. २६ प्लेटा रोखीने गेल्या, ४ मैत्रिणींना उधारीवर दिल्या आणि २ दोघींनीच खाल्ल्या. सायंकाळी डब्यात २६० रुपये होते.

अशा वेळी पहिले उत्तर हमखास येते ते ‘२२० रुपये नफा’. कारण मुलींनी स्वतःच्या हाताने दिलेले पैसे फक्त प्लेटांचे, ४० रुपये. बाकी सगळे घरातून आलेले. घरातल्या मालालाही किंमत आहे हे मान्य केले की एकूण खर्च २२० रुपये होतो आणि रोख नफा उरतो ४० रुपये. उधारीचे ४० रुपये वसूल झाले तर तो ८० होईल. ते ‘येणे’ आहे; वसूल होईपर्यंत हाती आलेले नाही. खाल्लेल्या दोन प्लेटांचे काय करायचे, यावर वर्गात वाद होतो आणि तो होऊ द्यावा. काही मुले त्यांना तोटा म्हणतात, काही मजुरी.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. आई पहाटे उठून दोन तास पोहे करीत होती. तिच्या कामाचे पैसे कोणी धरले? ते धरले तर दुकान तोट्यात जाते. भाजी विकणाऱ्या मुलाचेही तसेच. ‘गिलके घरचेच, म्हणजे सगळा नफाच,’ असे तो म्हणतो. बियाणे, पाणी, तोडणी हे त्याच्या खर्चात येत नाही. ही चूक केवळ मुलांची नव्हे. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना कृषी मूल्य आयोग प्रत्यक्ष केलेला खर्च, कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य धरून होणारा खर्च आणि त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज मिळवून होणारा सर्वंकष खर्च, अशा वेगवेगळ्या संकल्पना वापरतो. यांपैकी कोणत्या खर्चावर हमीभाव ठरावा, हा देशातील शेतकरी चळवळींचा जुना वादविषय आहे. कापूस हे हमीभावाच्या यादीतील पीक असल्याने जामनेरमधील कुटुंबांचा त्याच्याशी थेट संबंध येतो. पोह्यांच्या दुकानात आईची मजुरी धरायची की नाही, हा प्रश्न आणि कापसाच्या भावात घरच्यांची मजुरी धरायची की नाही, हा प्रश्न मुळात एकच आहे.

हिशेबासाठी छापील तक्त्याची गरज नसते. वहीचे पान मधोमध दुमडून डावीकडे ‘आले’ आणि उजवीकडे ‘गेले’ लिहिले तरी काम भागते. भांडवल कोणाकडून किती घेतले व परत केले का, ही एक ओळ मात्र वेगळी असावी. आईकडून घेतलेले शंभर रुपये उसने की भेट, हे मेळाव्याआधी ठरलेले असले म्हणजे मागाहून हिशेब सरळ जातो.

पाठ्यपुस्तकांतील स्थान

बालभारतीच्या प्राथमिक इयत्तांच्या गणितात नाणी व नोटा हा घटक पहिल्यापासून येतो. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या पाठ्यपुस्तकांत सहावीला नफा-तोटा, सहावी-सातवीला बँक व सरळव्याज, आठवीला सूट व कमिशन आणि चक्रवाढ व्याज, तर नववी व दहावीला अर्थनियोजन असे घटक आहेत. नववीत गुंतवणूक व आयकर आणि दहावीत वस्तू व सेवा कर, शेअर व म्युच्युअल फंड यांचा समावेश आहे. म्हणजे कागदावर अभ्यासक्रम भरपूर आहे. त्याची अडचण अशी की सहावीच्या उदाहरणातील दुकानदार सगळा माल विकतो, सगळी रक्कम रोख घेतो आणि त्याच्या मेथीच्या जुड्या दुपारी सुकत नाहीत.

बाजारातील गणित आणि शाळेतील गणित

मेळाव्यासारख्या उपक्रमांची गरज दाखवणारे संशोधन भारताबाहेर व भारतातही झाले आहे. १९८५ मध्ये तेरेझिन्या नुनेस कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे-भाजी विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या दुकानावर ही मुले सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर करीत. तेच हिशेब शाळेच्या पद्धतीने केवळ आकड्यांत मांडून दिल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. ३५ क्रुझेरोंना एक या भावाने दहा नारळांची किंमत सांगताना एका मुलाने पस्तीसपुढे शून्य ठेवले नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, आणखी तिनांचे ३१५ आणि वर एक, म्हणजे ३५०, अशी त्याची रीत होती. आठवडे बाजारात बसणाऱ्या खानदेशी मुलाची रीतही बरीचशी अशीच असते.

२०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीतील मुलांविषयीचा अभ्यास आला. बाजारात काम करणाऱ्या १,४३६ मुलांपैकी जवळजवळ सर्व जण गुंतागुंतीचे हिशेब तोंडी व अचूक करीत होती. मात्र त्याच किंवा त्याहून कमी काठिण्याची शालेय पद्धतीची उदाहरणे त्यांना सुटत नव्हती. विक्रीचा अनुभव नसलेल्या, जवळपासच्या शाळांतील ४७१ विद्यार्थ्यांचे नेमके उलटे होते. साधी अमूर्त उदाहरणे ते अधिक अचूक सोडवीत, परंतु काम करणाऱ्या मुलांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवलेले बाजारी उदाहरण त्यांच्यापैकी केवळ १ टक्का मुलांना सुटले.

या निष्कर्षांचा अर्थ दुहेरी आहे. शाळेतील गणित आपोआप बाजारात उतरत नाही आणि बाजारातील गणितही आपोआप वहीत येत नाही. दोहोंमध्ये पूल बांधावा लागतो. मेळाव्यात वर्गात मागे समजला जाणारा एखादा विद्यार्थी सर्वांत सफाईने विक्री करताना दिसतो, तेव्हा शिक्षक कौतुक करून थांबतात. त्याने तोंडी केलेला हिशेब त्याच्याच पद्धतीने फळ्यावर लिहून घेणे आणि मग त्याशेजारी गुणाकाराची उभी मांडणी करणे, हे खरे पुढचे पाऊल होय. असे केल्याने त्या विद्यार्थ्याला लेखी पद्धत कळते आणि उरलेल्या वर्गाला तोंडी पद्धत.

ग्राहक म्हणून शिक्षण

मेळाव्यात विक्रीचे कौतुक होते. खरेदीकडे दुर्लक्ष होते. वास्तविक वर्गातील प्रत्येक मूल पुढे विक्रेता होईलच असे नाही, ग्राहक मात्र नक्की होईल. हातात ठरावीक रक्कम, समजा ३० रुपये, देऊन ‘आधी सगळा बाजार फिरून मगच खरेदी कर’ असा नियम काही शिक्षक घालतात. तेवढ्याने तुलना सुरू होते: एकाच भावात कोणाचा वाटा मोठा, कोणाची जुडी ताजी, कोणाकडे स्वच्छता अधिक.

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची स्वतःची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो जुलै २०२० पासून अमलात आला. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन मेळाव्याच्या हंगामातच येतो. त्या निमित्ताने पाकिटावरील कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन आणि मुदत वाचणे, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे न देणे, वजनावरील पडताळणीचा शिक्का पाहणे व पावती मागणे या गोष्टी शिकवता येतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तराजू शाळेत नसेल तर गावातील दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून आणता येतो. पाव किलो म्हणजे हातात किती वजन, हा अंदाज चित्रावरून येत नाही.

चलनाविषयीच्या अफवांचेही निराकरण या वयात झालेले बरे. दहा रुपयांची काही नाणी चालत नाहीत अशी समजूत अनेक ठिकाणी पसरल्यावर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये त्या नाण्यांचे तोवर निघालेले सर्व १४ नमुने वैध असल्याचे स्पष्ट केले होते. मेळाव्यात असे नाणे हमखास येते आणि ‘घ्यायचे की नाही’ यावर चर्चा होते.

बचत

मेळाव्यातून मिळालेल्या रकमेचे काय करायचे, हे शाळेने आधी ठरवलेले नसेल तर ती त्याच दिवशी शेजारच्या दुकानावर खर्च होते. त्यात गैर काही नाही. पण बचतीचा धडा तेथेच सुटतो. राष्ट्रीय बचत यंत्रणेच्या ‘संचयिका’ योजनेत शाळेतच विद्यार्थ्यांची बँक चालवली जाई. व्यवस्थापक व रोखपाल विद्यार्थीच असत आणि जमा रक्कम टपाल खात्यात किंवा बँकेत ठेवली जाई. १५ सप्टेंबर हा संचयिका दिन म्हणून पाळला जातो. अनेक शाळांत आजही या धर्तीवर वर्गाची बचत बँक चालते.

रिझर्व्ह बँकेने मे २०१४ मध्ये दहा वर्षांवरील अल्पवयीनांना बचत खाते स्वतः उघडण्याची व चालवण्याची मुभा दिली. त्यासाठीच्या मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलाला खाते चालवता येते. पाचवीच्या वर्गाने मेळाव्यानंतर एकदा गावातील टपाल कार्यालयात जाऊन पैसे भरण्याची पावती स्वतः लिहिली, तर तो अनुभव फुकट जात नाही. रिझर्व्ह बँक दरवर्षी आर्थिक साक्षरता सप्ताह पाळते. मुलांसाठी तिने ‘राजू आणि पैशांचे झाड’ या आशयाची चित्रकथाही काढली आहे.

विशेष शाळांतील पद्धती

बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या शाळांत खरेदी व पैशांचा व्यवहार हा अभ्यासक्रमाचाच गाभा असतो. मुंबईतील जय वकील शाळा (१९४४), पुण्यातील कामायनी (१९६४) व नाशिकमधील प्रबोधिनी (१९७७) या राज्यातील या क्षेत्रातल्या जुन्या संस्था होत. या क्षेत्रातील पद्धतीत खरेदी हे एकच काम न मानता लहान पायऱ्यांत विभागले जाते: यादी घेणे, दुकानापर्यंत जाणे, वस्तू मागणे, किंमत ऐकणे, पैसे देणे, उरलेले पैसे येईपर्यंत थांबणे, वस्तू व पैसे पिशवीत ठेवणे. एक पायरी पक्की झाल्यावरच पुढची घेतली जाते.

नेमके सुटे मोजणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ‘एक नोट जास्त’ अशी युक्ती वापरतात. किंमत ३७ रुपये ऐकली की दहाच्या तीन नोटा मोजायच्या आणि आणखी एक द्यायची. बेरीज-वजाबाकी न येताही खरेदी पूर्ण होते आणि विद्यार्थी दुकानदारापुढे स्वतःच्या पायावर उभा राहतो. खेळातील नोटांपेक्षा खऱ्या नोटा व खरे दुकान यांवर या शाळांचा भर असतो, कारण वर्गात शिकलेले बाहेर वापरणे हीच या मुलांची मुख्य अडचण असते. सर्वसाधारण शाळांनी हा क्रम पहिली-दुसरीच्या मुलांसाठी जसाच्या तसा उचलावा असा आहे.

डिजिटल देयके

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर, आणि विशेषतः त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील नोटबंदीनंतर, गावांतही मोबाइलवरून पैसे देण्याची सवय वाढली. आता मेळाव्याला येणाऱ्या पालकांकडे रोख पैसे नसतात आणि दुकानांवर शिक्षकाचा किंवा एखाद्या पालकाचा क्यूआर कोड लावला जातो. त्यामुळे विक्री वाढते. पण पैसे मुलाच्या हातात येत नाहीत, सुटे परत करण्याचा प्रसंग येत नाही आणि कोणत्या दुकानाचे किती जमा झाले याचा सायंकाळी घोळ होतो. मधला मार्ग म्हणून काही ठिकाणी प्रवेशाजवळ एकच ‘बँक’ ठेवतात. तेथे पालक मोबाइलने पैसे भरून रोख किंवा कागदी टोकने घेतात आणि पुढचा व्यवहार रोखीत होतो. ही बँक चालवणाऱ्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना जमा-नावे यांचा ताळमेळ घालावा लागतो. मेळाव्यातील सर्वांत अवघड काम त्यांचेच असते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही फसवणूक टाळणारी साधी गोष्ट मुलांमार्फत घरापर्यंत पोहोचण्याची हीच संधी आहे.

टीका व मर्यादा

उपक्रमावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की तो पालकांचा होऊन बसतो. आई पदार्थ करते, वडील विकत घेतात, मूल मध्ये उभे राहते आणि छायाचित्र निघते. ज्या घरात सकाळीच मजुरीला जावे लागते, त्या घरातील मुलाकडे ना भांडवल असते ना पदार्थ करून देणारे कोणी. ते त्या दिवशी केवळ प्रेक्षक राहते किंवा शाळेतच येत नाही. यावर उपाय म्हणून वर्गनिधीतून प्रत्येक गटाला सारखे, परतफेडीचे भांडवल देण्याची पद्धत काही शिक्षकांनी अवलंबली आहे. तशी अट नसलेला मेळावा मुलांतील विषमता पटांगणावर मांडून ठेवतो.

दुसरा आक्षेप कामाच्या वाटणीचा. स्वयंपाकाची दुकाने मुलींकडे आणि गल्ला मुलांकडे, अशी विभागणी न ठरवताही होते. गटात दर अर्ध्या तासाने गल्ल्यावरचे मूल बदलणे हा त्यावरचा साधा तोडगा. तिसरा मुद्दा आरोग्याचा. शाळेच्या आवारात व त्यापासून ५० मीटरच्या आत मेद, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीवर अन्नसुरक्षा नियमांनी २०२० मध्ये बंधन आणले आहे. तळलेल्या पदार्थांनी भरलेला मेळावा त्या नियमांच्या हेतूशी विसंगत ठरतो. गरम तेल व शेगडी मुलांच्या हाती न देणे हे तर उघडच आहे.

मेळाव्यातील विक्रीचा एकूण आकडा जाहीर करण्याची प्रथा वाढली आहे. एका शाळेची उलाढाल दुसऱ्या शाळेपेक्षा जास्त, अशी तुलनाही होते. या आकड्यातून मुलांना काय समजले हे कळत नाही. किती दुकाने तोट्यात गेली, का गेली आणि त्या मुलांनी पुढच्या वेळी काय बदलले, याची नोंद ठेवणाऱ्या शाळा थोड्या आहेत.